त्या बाईचं नाव

"बीपी सत्तर, डॉक्टर," नर्स म्हणाली, तेव्हा रत्नप्रभा हातमोजे चढवतच होती.

स्ट्रेचरवरची श्रीविद्या पंचविशीची. अंगात इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्याचा निळा शर्ट, कमरेखालची चादर रक्तानं भिजलेली. तापानं फणफणलेली.

"काय घेतलंस?" रत्नप्रभानं तमिळमध्ये विचारलं.

उत्तर श्रीविद्याच्या आईनं, राजसबाईनं दिलं. "काही नाही. पाळी जोराची आली." घाबरून ती मराठीतच बोलून गेली होती.

तंजावरची ती आपल्याही घरची बोली कानावर पडताच रत्नप्रभा क्षणभर थांबली. मग मराठीतच हळू म्हणाली, "अक्का, मी पोलीस नव्हे. खरं सांगा, नाहीतर लेक हातची जाईल."

राजसबाईनं पदर तोंडाशी धरला. "एक बाई घरी आली होती. नळी घालून पाडलं. चार दिवस झाले."

शस्त्रक्रिया अडीच तास चालली. गर्भाशयाला भोक पडलं होतं, पोटभर पू. सहा बाटल्या रक्त चढवलं. गर्भाशय काढावं लागलं, पोरगी तेवढी वाचली.

रत्नप्रभा बराच वेळ हात धूत राहिली. वीस वर्षांत अशा कितीजणी तिनं टेबलावर पाहिल्या होत्या. काही तिथंच गेल्या. करणारी मात्र दर वेळी नामानिराळी. या वेळी तिला सोडायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आता मूल होणार नाही, हे रत्नप्रभानं स्वतःच खाटेशी बसून सांगितलं. श्रीविद्या रडली नाही. छताकडे बघत राहिली.

"त्या बाईचं नाव सांग," रत्नप्रभा म्हणाली. "तुझ्यावर काही येणार नाही, ते माझ्याकडे लागलं. पण तिच्या हातून आणखी कुणी मरता कामा नये."

श्रीविद्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बरं, एवढं तरी सांग. हे सरकारी इस्पितळ. इथं नीट झालं असतं, फुकट झालं असतं. कायद्यानं तुझी एकटीची सही पुरते. मग आधी इथंच का नाही आलीस गं?"

श्रीविद्यानं मान वळवून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"आले होते," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात, मंगळवारी. नवरा टाकून गेलाय, म्हणून सांगितलंही. तुम्ही कागदातून मान वर न करता म्हणालात, नवऱ्याची सही घेऊन ये."