मधलं नाव

“हे तीन शब्द का आहेत?” मिस पॉलिननी विचारलं.

लंडनमधल्या पिनरच्या चर्च हॉलमागच्या छोट्या खोलीत साकेत त्यांना मानपत्र दाखवत होता. सोनेरी फ्रेम, वर गणपती, खाली मराठी मंडळाच्या अध्यक्षांची सही. पाच मिनिटांत सत्कार सुरू होणार होता. मिस पॉलिनना मराठी वाचता येत नव्हतं. पण एक्क्याऐंशी वर्षांच्या या बाईंनी मंडळातल्या पोरांना वीस वर्षं, दर शनिवारी, लायब्ररीत इंग्रजी वाचायला शिकवलं होतं. शब्द मोजायला त्यांना लिपी लागत नव्हती. पोरांना ठेवायला लावायच्या तसं त्यांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं होतं.

“माझं नाव दोन शब्दांचं आहे. वाचून दाखव.”

“पॉलिन,” साकेत म्हणाला. “हॅरल्ड. फ्लेचर.”

बोट मधल्या शब्दावर थांबलं.

“आमच्यात मध्ये वडिलांचं नाव लावतात, मिस पॉलिन.”

“माहीत आहे. तुझ्या लेकीने, तनूनेच सांगितलंय मला. हॅरल्ड कुठून आला?”

“सत्कारासाठी भरलेल्या फॉर्मवर असेल.”

फॉर्मवर नव्हता. वडिलांच्या नावाचा रकाना बाईंनी रिकामा सोडला होता. साकेत पडला पुण्याचा, त्यातून सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला. रिकामा रकाना त्याला बघवेना. बाईंना न विचारताच त्याने त्यांच्या जन्मदाखल्याची नक्कल मागवली. तिथेही वडिलांच्या जागी नुसती रेघ. मग आईच्या लग्नाची नोंद सापडली, पोरगी तीन वर्षांची असतानाची, आणि नवऱ्याचं नाव हॅरल्ड. वडे की साबुदाण्याची खिचडी यावर तीन मीटिंगा घालवणाऱ्या कमिटीने हा प्रश्न मात्र दोन मिनिटांत निकालात काढला. “स्टेजवरून काय रेघ वाचणार? चारचौघांत बरं दिसत नाही,” अध्यक्ष रघुवीरकाका म्हणाले. “हॅरल्ड टाकून दे.” साकेतने टाकून दिला. वर, आपण बाईंची अब्रू झाकली असंही त्याला वाटलं होतं.

“साकेत.”

एखादं पोर शब्द न वाचता अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचं, तेव्हा त्या अशाच बघत.

“फॉर्मवर नव्हता,” तो म्हणाला. “मी शोधलं. तुमचं बर्थ सर्टिफिकेट मागवलं. आय अ‍ॅम सॉरी.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खुर्चीवर बसल्या.

“माझ्या वडिलांचं नाव एलायजा,” त्या हळूहळू सांगू लागल्या. “अमेरिकन सोल्जर. अलाबामाचे. युद्धात इथे लष्कराचे ट्रक चालवायचे. काळे होते. आईशी लग्न करायची परवानगी मागायला गेले, तर त्यांच्या साहेबाने अर्ज फाडून टाकला. काळ्या शिपायाला गोरी बायको चालत नाही म्हणाला. महिन्याभरात फ्रान्सला धाडलं त्यांना. मरायला चालत होते, नवरा म्हणून चालत नव्हते. मी जन्मायच्या आधीच तिकडे मारले गेले.”

“आणि हॅरल्ड?”

“हॅरल्डने आईला एकच अट घातली. ही मुलगी घरात नको. मी अनाथाश्रमात वाढले.”

साकेतचे कान तापले. बाईंचा गव्हाळ रंग बघून ‘आजोळ गोव्याचं असणार’ असं कमिटीने परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि तेव्हा तोही हसला होता. हातातली फ्रेम कुठे तरी तोंड खाली करून ठेवावी असं त्याला वाटलं. पण ठेवायला जागा नव्हती. टेबलावर वड्यांचे ट्रे होते.

“मी एलायजा वाचतो,” तो म्हणाला.

“नको. आईने ते नाव कधी मोठ्याने घेतलं नाही. मीही नाही.” त्यांनी केसांवरून हात फिरवला. “मध्ये काहीच वाचू नकोस. हॅरल्ड तेवढा नको.”

बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

स्टेजवर कमिटीतल्या वरदाताईंनी बाईंना शाल घातली, हातात नारळ दिला. नारळाचं काय करायचं ते न कळून बाईंनी तो काखेत धरला, तशी पोरं हसली. साकेत माइकसमोर उभा राहिला. शेजारीच त्या.

“पॉलिन,” त्याने वाचलं. आणि थांबला.

हॉल वाट बघत होता. कुणीतरी खोकलं. पहिल्या रांगेत रघुवीरकाका खुर्चीत पुढे सरकले. पोरगं अडखळलं असं वाटून त्यांनी मोठ्या मायेने प्रॉम्प्टिंग केलं.

“हॅरल्ड! अरे, हॅरल्ड!”

सगळे हसले. साकेतने बाईंकडे पाहिलं. त्यांची मान खाली गेली होती. सगळा घोळ त्याचा आणि कमिटीचा; लाजल्या होत्या त्या. साकेतला त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली की डोळ्यांसमोरची अक्षरं दिसेनात.

मग शालीतून एक हात बाहेर आला. सुरकुतलेलं बोट काचेवर टेकलं. मधल्या शब्दावर. पोर अडलं की टेकायचं तसंच.

साकेतने पुन्हा एकदा त्यांच्याकडे पाहिलं. बोट हललं नाही.

“एलायजा,” तो म्हणाला. “पॉलिन एलायजा फ्लेचर.”

रघुवीरकाका कार्यक्रमपत्रिका चाळू लागले. मिस पॉलिननी मान वर केली, काखेतला नारळ साकेतच्या हातात दिला आणि माइक स्वतःकडे ओढून घेतला. समोरची सगळी पोरं आपोआप ताठ बसली.

“वन्स अगेन,” त्या म्हणाल्या. “स्लोली.”