पांढरी चकती

पांढरी चकती वेडी आहे, असं समीक्षाने फोनवर सांगून टाकलं.

"मग विषयच संपला," पलीकडून निलेश सर म्हणाले. "निळी घ्या नाहीतर हिरवी. चार वाजता फोन करतो, एक नाव सांगा."

चाराला वीस मिनिटं होती. औंढ्याच्या घराच्या पडवीत समीक्षा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. कंपनीने पहिल्यांदाच एखादी निवड तिच्या एकटीवर सोपवली होती. नवजात बाळाच्या काखेत चिकटवायची, रुपयाएवढी चकती. आत बिनतारी मायक्रोकंट्रोलर, बटणाएवढी बॅटरी आणि अंगातली ऊब मोजणारा सेन्सर. बॅटरी तीन महिने पुरायला हवी. बाळ तापलं किंवा गार पडलं, तर आईच्या फोनवर लगेच कळायला हवं. तिन्ही चकत्यांत बाकी सगळं सारखं, फरक फक्त सेन्सरचा.

निळीतला आणि हिरवीतला सेन्सर एकाच विक्रेत्याचे, आणि भलतेच समजूतदार. विचित्र आकडा आला की तो गाळायचा आणि मागचाच भरवशाचा आकडा पुढे पाठवायचा, असं पत्रकात अभिमानाने छापलं होतं. पांढरीतला सेन्सर साधा. दर दहा मिनिटांनी जागा व्हायचा, जे जाणवेल ते सांगायचा आणि पुन्हा झोपायचा. बॅटरी सगळ्यांत कमी तोच खायचा. म्हणून समीक्षाचा मनातून त्याच्यावरच जीव होता.

बाळांच्या आधी एखाद्या मोठ्या माणसावर आठ दिवस चाचणी करायची होती. त्यासाठी तिच्या आजोबांइतकं कमी हलणारं माणूस अख्ख्या मावळात सापडलं नसतं. लोणावळ्याच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून सोपानआबा पडवीतल्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसत, ते जेवायलाच उठत. गेल्या रविवारी तिन्ही चकत्या त्यांच्या काखेत चिकटवून ती पुण्याला गेली. घरातल्या जुन्या फोनवरून आकडे तिच्याकडे पोचत होते.

दोन दिवस तिघी एका सुरात बोलल्या. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. मंगळवारी सकाळी पांढरी एकदम एकोणऐंशीवर घसरली. समीक्षाने ताबडतोब फोन केला.

"आबा, पांढरी सुटली का?"

"सुटली असेल. लावतो हं," आबा घाईघाईने म्हणाले.

अर्ध्या तासात पांढरी चढली ती थेट एकशे एकवर. मग रोज तेच. एकशे एक, दुपारी दोन तास अठ्ठ्याऐंशी, पुन्हा एकशे एक. निळी आणि हिरवी मात्र आपल्या जागेवरून तसूभर हलल्या नाहीत.

"आबा, कणकण वाटतेय का?" तिने बुधवारी विचारलं.

"छे गं."

"मग दुपारी अंघोळ करता का तुम्ही? दोन-दोन तास?"

"ऊन आहे खरं," आबा म्हणाले, आणि फोन आजीकडे गेला. आजीने आबांच्या कपाळाला हात लावून, कपाळ गार असल्याचं कळवलं होतं.

आता रतनबाई, म्हणजे आजी, चहा घेऊन बाहेर आली. समीक्षाने लॅपटॉप मिटला.

"आबा, पांढरी बाद करतेय मी."

आबांनी पुस्तकातून मान वर केली. "बाद म्हणजे?"

"म्हणजे बाळांना नाही लावायची. ती खोटं बोलते."

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. चहावर साय धरली तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"ती नाही बोलत खोटं," अखेर ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी बोललो. ती मैनेच्या काखेत आहे."

मैना म्हणजे त्यांची म्हैस.

"माझी काख सोलवटली होती गं. तुला कसं सांगायचं, तू एवढ्या विश्वासाने लावलेलं. म्हणून काढली. काढल्या काढल्या तुझा फोन. मी घाबरलो. काहीतरी गरम हवं होतं, आणि मैना समोरच होती."

"तरी म्हनलं, ह्यो मानूस रोज म्हशीच्या पायाशी वाकून काय बघतुया!" रतनबाई म्हणाली. "मला वाटलं, चाळीस वर्सांनी धार काढाया शिकतोय."

समीक्षा धावतच गोठ्यात गेली. मैना रवंथ करत उभी होती आणि तिच्या पुढच्या पायाच्या वरच्या घडीत पांढरी चकती अगदी ऐटीत बसली होती.

"आजी, म्हशीच्या अंगात ताप किती असतो?"

"ताप कशाचा? चांगल्या म्हशीला एकशे एक असतंयच. गुरांचा डाक्टर दर येळी सांगतो की."

"आणि दुपारी?"

"दुपारी म्हाराणी मागच्या डबक्यात बसतीया. दोन तास हालत न्हाई."

समीक्षा हसत सुटली. एकशे एक, अठ्ठ्याऐंशी, एकशे एक. पांढरीने मैनेचा दिवस जसाच्या तसा सांगितला होता. म्हणजे तिन्ही चकत्या खऱ्या, आणि बॅटरी कमी खाणारी पांढरीच सरस. ती पडवीत आली तेव्हा फोन वाजायला लागला होता. निलेश सर. बरोबर चार.

"ऐका ना आबा, आता निळी आणि हिरवी काढून द्या. काख दुखत असेल. फुकट छळलं तुम्हाला."

आबांची मान आणखी खाली गेली. त्यांनी मांडीवरचं पुस्तक उघडलं. एकशे बाराव्या पानात निळी होती. दोनशे सहाव्या पानात हिरवी.

"मंगळवारपासून," ते पुटपुटले. "या दोघींसाठी तुझा फोन आलाच नाही. मग राहू दिल्या. खुणेला बऱ्या पडतात."

निलेश सरांचा फोन वाजत राहिला. शेजारी जुन्या फोनवर निळ्या आणि हिरव्या अक्षरांत तेच ते दोन आकडे चमकत होते. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.

रतनबाईने वाकून फोनकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, "पुस्तकाला बी ताप न्हाई."