वरचे स्वर

व्हॉल्व्हचा तो जुना अ‍ॅम्प्लिफायर दादांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिसऱ्यांदा उघडला. कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्ह बदलले, एकेक जोड नव्याने डाग देऊन पक्का केला, तरी व्हायोलिनचे वरचे स्वर जाड गोधडीखालून आल्यासारखे दबलेलेच येत होते. संध्याकाळी मालकीणबाई तो न्यायला येणार होत्या. दादांच्या हातचं यंत्र आजवर कधी अर्धवट परत गेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"दादा, छान वाजतंय की! उलट जरा टोचतंयच," दारात उभा असलेला धाकटा भाऊ म्हणाला.

"टोचतंय? अरे, ते कान आहेत की चष्मा अडकवायच्या खुंट्या?"

भाऊ हसत निघून गेला. दादांनी चडफडत रेकॉर्ड थांबवली आणि पेचकस घेऊन पुन्हा यंत्रावर ओणवे झाले. आता कसं, घरात अगदी शांत शांत होतं. दोष सापडल्याशिवाय उठायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

 

तेवढ्यात बायको बाहेरून धावत आली. "अहो, शेगडीवर किटली केव्हाची शिट्टी मारतेय! शेजारी बसून ऐकू येत नाही का तुम्हाला?"