ओळख पटवण्यासाठी

लेओन्तिनाचा फोन सकाळपासून मुका होता. काहीतरी संशयास्पद आढळल्याने, ग्राहकाच्याच सुरक्षिततेसाठी, कंपनीने तो बंद केला होता. दोन वाजेपर्यंत तिमिशोआराच्या इस्पितळातून त्याच क्रमांकावर विचारणा होणार होती. उत्तर मिळाले नाही, तर तिच्या नवऱ्याच्या, ऑरेलच्या, हृदयाच्या शस्त्रक्रियेची तारीख यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. एक वाजून वीस मिनिटे झाली होती. तिने शेजारीण सबिनाच्या फोनवरून कंपनीचा मदत क्रमांक लावला.

"आपली अडचण थोडक्यात सांगा," यंत्र म्हणाले.

लेओन्तिनाने हात लांबवून रेडिओ मोठा केला आणि मग, ओठ फोनला टेकवून, अडचण सांगितली. रेडिओवर एक विद्वान ऑनलाइन खासगीपणावर बोलत होते. संमतीवाचून आज कुणाचीही माहिती घेतली जात नाही, असे त्यांचे मत होते.

"क्षमस्व, समजले नाही," यंत्र म्हणाले. तीनदा म्हणाले.

"अगं बाई, बंद कर तो रेडिओ!" सबिना ओरडली. "चोरून ऐकणारे कधीच मेले, तुझी सवय काही मरत नाही. कोण ऐकतंय तुझं?"

"तेच तर. आज कुणीतरी ऐकायला हवंय."

तिने रेडिओ बंद केला. अखेर एक मुलगी बोलू लागली, प्रसन्न, घाईत. जन्मतारीख. ओळखपत्राचा क्रमांक. आईचे माहेरचे आडनाव. लेओन्तिनाने सगळे दिले.

"आता शेवटचंच, मॅडम. फक्त ओळख पटवण्यासाठी. गेल्या महिन्यात तुम्ही सगळ्यात जास्त फोन कुणाला केलेत? तीन नावं सांगा."

लेओन्तिना खुर्चीत ताठ झाली. त्र्याऐंशी साली, हुकूमशाहीच्या काळात, गुप्त पोलिसांच्या अधिकाऱ्याने हेच विचारले होते, तेही तीनच नावे मागून. ती अकरा तास गप्प बसली होती. शाळेतली नोकरी त्यात गेली.

एक चाळीस.

"सांगताय ना, मॅडम? नाहीतर मला फोन ठेवावा लागेल."

"कोर्नेलिया, माझी बहीण," ती म्हणाली. "डॉक्टर वायदा." मग आवाज आणखी खाली गेला. "सबिना पोपा."

सबिनाने मान वर केली.

"अगदी बरोबर!" मुलगी म्हणाली. "आमच्याकडेही हीच आहेत. झाला बघा सुरू."

टेबलावरचा फोन उजळला. लेओन्तिनाने तो उचलला, छातीशी धरला, आणि सबिनाकडे पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.