चुगली

“जरा हळू वाचा,” आरोपीच्या जागी उभी असलेली म्हातारी म्हणाली.

गिल्बर्ट कारकून वाचता वाचता थांबला. बिशपच्या कोर्टात त्याची वीस वर्षं गेली होती. रडणारे, पाया पडणारे आरोपी त्याने ढिगाने पाहिले होते, पण हे नवीनच. त्याने धर्माधिकाऱ्यांकडे पाहिलं. तिला आपला गुन्हा नीट कळू दे म्हणून त्यांनी मान डोलावली.

आता आरोप तो काय! एव्हिस नावाच्या या विधवेच्या घरी, पिठाच्या पेटीत, येशूच्या गोष्टींची वही सापडली होती. लॅटिनमध्ये असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण ती होती इंग्रजीत, मेंढ्या कातरणाऱ्या तिच्या नवऱ्याने लिहिलेली. देवाचं वचन असल्या गावरान भाषेत उतरवायला सक्त मनाई होती. जाळण्याआधी अशी वही आरोपीसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, हा कोर्टाचा शिरस्ता.

गिल्बर्ट पुन्हा वही वाचू लागला. जन्मभर लॅटिन घोकलेला माणूस तो. इथे देव हरवलेल्या मेंढराला हाका मारत होता, त्या थेट गिल्बर्टच्या आईच्या बोलीत. तो आपोआपच आणखी हळू वाचू लागला. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. एका जागी तर ती चक्क हसली.

चूक कबूल आहे का, असं विचारताच तिने हो म्हणून टाकलं. पहिलाच गुन्हा म्हणून जीव वाचला. रविवारी अनवाणी, हातात मेणबत्ती धरून चर्चला फेरी घालायची. पुन्हा सापडली तर मात्र तिलाच जाळणार होते. वही अंगणातल्या आगीत गेली. ती राख होईपर्यंत म्हातारी तिथेच उभी राहिली.

गिल्बर्टला राहवेना. बाजारात तोंडावर शाल ओढून एक बाई शिपायांना या वहीबद्दल सांगून गेली, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. तो फाटकापर्यंत म्हातारीच्या मागे गेला.

“आजी, तुमचं वाकडं कुणाशी आहे? ही चुगली केली कुणी?”

“मीच की,” ती म्हणाली. “मला कुठं वाचता येतं बाबा? हे गेल्यापासून तीन वर्षं वही नुसती पडून. वाचून दाखवायची गावात कुणाची छाती होईना. म्हटलं, कोर्टाला तरी वाचावीच लागेल.”