जीवराम आबांची तक्रार

"तुमच्यापैकी कोणी विश्वास ठेवणार नाही, पण भांडता भांडता जळगावच्या कोर्टातले पंखे बंद पाडणारा माणूस तुमच्यासमोर बसलाय," जीवराम आबा म्हणाले.

केळीची गाडी भरून झाली होती. मजूर बांधावर टेकले होते. धुळ्याहून सुट्टीला आलेली नात भाविका चहा वाटत होती. आबांनी तिच्याकडे हळूच पाहिलं आणि आवाज चढवला. आबा आपल्यासाठी लढला, हे पोरीच्या कानावर पडत राहिलं पाहिजे, असा त्यांचा हिशोब.

आई गेल्यावर भाविकाचा बाप कुंदन दारूत बुडाला आणि पोरीला मारू लागला. कुंदन आबांचाच मुलगा. प्रकरण कोर्टात गेलं. पोरीने धुळ्यातल्या देवपूरला कामिनी मावशीकडे राहावं, असा निकाल लागला. जीवरामने नात घालवली, असं गाव तेव्हा म्हणालं होतं.

"तर मी बाल संरक्षण कार्यालयात घुसलो. म्हटलं, घ्या निकालाची तक्रार! तिथल्या मिसबाह मॅडम म्हणाल्या, 'आबा, आमचं कोणी उद्धट वागलं असेल तर तक्रार घेते. कोर्टाच्या निकालाची तक्रार इथं चालत नाही. त्याला वरच्या कोर्टात अपील.' मी म्हटलं, मग चहाची तक्रार लिहा! इतका गोड पाजता, माणूस रागावणार कसा?"

मजूर खदाखदा हसले. आबांना चेव आला.

"तिथून तडक कोर्टात. माझ्या एका आवाजात पंखे थांबले! जजबाई जिन्यापर्यंत धावत आल्या. म्हणाल्या, आबा, अपील तेवढं करू नका, वरचं कोर्ट घाबरंल!"

"लाइट गेली असंल," मजुरांतला नथ्थू म्हणाला. "पण आबा, एवढी हिंमत होती तर अपील केलं का नाही?"

आबांचा कप ओठांपाशीच थांबला. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"मुदत... मुदत निघून गेली रे भो."

"खोटं," भाविका म्हणाली.

तिने किटली खाली ठेवली. "नथ्थूकाका, जो निकाल स्वतः मागून घेतला, त्याच्यावर अपील कोण करतं? मी कोर्टात शेजारच्याच खोलीत होते. सगळं ऐकलंय. मिसबाह मॅडमनी आधीच बजावलं होतं, 'आबा, नीट विचार करा. एकदा निकाल लागला की त्याची तक्रार आम्ही घेऊ शकणार नाही.' आबा म्हणाले, 'तक्रार करणार कोण?' मग जजबाईंपुढे उभे राहिले. 'बाई, केळीच्या बुडाशी फुटलेला मुनवा तिथंच ठेवला तर खुरटतो. कंदासकट काढून चांगल्या जमिनीत लावावा लागतो. माझ्या घरच्या झाडाला कीड लागलीय. पोरीला धुळ्याला लावा.' चहा तेवढा खरा. तो मॅडमनी नंतर दिला, आबांचं रडणं थांबेना म्हणून."

आबा बागेकडे तोंड करून बसले.

"तू... मग एवढी वर्षं गप्प का होतीस, पोरी?"

"गप्प कुठे? धुळ्यात सगळ्यांना हीच गोष्ट सांगते, आबा," ती म्हणाली. "एकही पंखा बंद न पाडता."