शेवटची गाडी जाऊ दे

हिंगोलीकडून आलेल्या या गाडीतूनही प्रभू उतरला नाही. यशोदाबाई परत येऊन लिंबाखाली नवऱ्याशेजारी बसली.

"येईल," मसाजी म्हणाला. "गाड्या भरभरून येऊन राहिल्या."

चिमुकली शिवकन्या त्याच्या मांडीवर होती. सकाळी यशोदाबाईनं तिला न्हाऊ घालून केसांना तेल चोपडलं होतं, पिवळा झबला घातला होता. पोरगी लांबून दिसली पाहिजे, असं मसाजीनं बजावलं होतं.

समोर धर्मसिंगच्या हॉटेलात रेडिओ लागला होता. सुरतेत पिलेगची साथ आली होती. तिथं कामाला गेलेली माणसं मिळेल त्या गाडीनं गावाकडं निघाली होती. वारंगा फाट्यावर उतरणाऱ्यांच्या तोंडाला रुमाल बांधलेले असत आणि बाकीचे त्यांना वाट करून देत. तीही चांगली लांबून. त्यांचा प्रभू तिकडंच कापडाच्या कारखान्यात होता. निघालोय, एवढाच त्याचा निरोप आला होता.

धर्मसिंगनं चहा आणून दिला. रस्त्याकडेला बसून राहणाऱ्या या धनगर नवरा-बायकोला तो वर्षभर बघत होता. मेंढरं जवळच्या शिवारात असली की दोघं पोरीला घेऊन इथं येत, गाड्या बघत आणि परत जात.

"मौशी, सुरतेच्या माणसाला लोकं गावात घेऊन नाही राहिले," तो म्हणाला. "तुमी कसं करणार?"

"गावात न्हाई घेतलं तर वाड्यावर घेईन. मेंढरं कुणाला इचारतेत व्हय?"

धर्मसिंग हसला. यशोदाबाईला मात्र हसू आलं नाही.

सारा जन्म तिचा वाटेवर गेला होता. प्रभूचा जन्मही असाच, औंढ्याकडून येताना, एका बाभळीच्या आडोशाला. तिसऱ्याच दिवशी त्याला पाठीला बांधून ती कळपामागं चालू लागली होती. पाऊस, लांडगे, शेतमालकांच्या शिव्या, सगळं बघितलं. पण भीती अशी वाटली नव्हती. लेकरू सोबत असायचं. मागं वळलं की दिसायचं. आता लेकरं रेल्वेत बसून जातात आणि मागं वळून बघावं तर नुसता रस्ता. गेल्या साली भूकंप झाला, माणसं घर सोडून रानात झोपू लागली. औंदा हे. कुठं थांबावं आणि कुठून पळावं, हेच कळेनासं झालं होतं.

"आवो, तुमी त्या नांदेडच्या रस्त्याकडं काय बघता?" ती म्हणाली. "पोरगा हिकडून येणार."

"हिकडं तू बघून राहिलीस ना," मसाजी म्हणाला.

दुपार कलली. हिंगोलीकडून आणखी एक गाडी आली. आधी एक म्हातारा उतरला, मग गठुडं घेतलेली बाई, आणि तिच्यामागं वाळून काटकी झालेला एक पोरगा. तोंडावर रुमाल होता, पण चाल यशोदाबाईनं ओळखली. ती धावलीच.

"माय, लांब थांब," प्रभू ओरडला. "आकोल्याला डाक्टरनं तपासलं, काही न्हाई म्हणला. तरी पण..."

ती थांबली नाही. तिनं रुमाल ओढून काढला, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला आणि बोटं कानशिलावर मोडली. चार माणसं मागं सरकली. मसाजी जागेवरूनच म्हणाला, "आला का?" आणि उगाच पटक्याच्या शेवानं नाक पुसू लागला. शिवकन्या प्रभूच्या गळ्यात पडली. त्यानं तिला हवेत उडवून झेललं.

मायनं भाकर आणि ठेचा सोडला. प्रभू कसा जेवला ते बघवत नव्हतं.

"चला," हात धुऊन तो म्हणाला. "अंधार पडायच्या आत वाड्यावर जाऊ."

मसाजी हलला नाही. "नांदेडची शेवटची गाडी जाऊ दे."

"अजूनबी बा?"

"अजूनबी."

"आज ऱ्हाऊ द्या की," यशोदाबाई फडकं झटकत म्हणाली. "पोरगा थकून आला."

"आज तर थांबाच लागते. बराबर साल झालं."

यशोदाबाईनं शिवकन्येला पदराखाली ओढून घेतलं. मसाजीनं तिला तिथून काढलं आणि खांद्यावर बसवलं.

नांदेडची गाडी आली तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. मसाजी खिडक्यांच्या कडेकडेनं पोरीला घेऊन हळूहळू चालला, मागून पुढं आणि पुन्हा पुढून मागं. प्रभूला वाटलं, आईनं हात धरलाय तो आधारासाठी. पण तिची नखं त्याच्या मनगटात रुतत होती.

एक बाई उतरली. पोरीकडं बघतच राहिली. जवळ आली, तिच्या गालाला हात लावला.

"ग्वाड हाय लेकरू," बाई म्हणाली. "कुणाचं?"

"तेच इचारत हिंडून राहिलो, माय," मसाजी म्हणाला. "भूकंपाच्या धांदलीत इथंच एका बाईनं आमच्या हाती देलं. पाणी घेऊन येते म्हणली. तुमी वळखता का?"

बाईनं पोरीला पुन्हा एकदा नीट न्याहाळलं. मग मान हलवली आणि आपली पिशवी उचलून चालू लागली. गाडी गेली. रस्ता मोकळा झाला.

"आजबी न्हाई आली हिची माय," मसाजी हळहळला. "पुढल्या खेपेला बघू."

यशोदाबाईनं पोरीला त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतलं, औंढ्याच्या दिशेनं वळून नागनाथाला हात जोडले आणि, सुरतेहून पोरगा सुखरूप आला तेव्हाही रडली नव्हती अशी, आनंदानं रडू लागली.